परदेशी रेल्वेचा उशीर आणि तुकड्यांतली तिकिटे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक पानांवर परदेशातील रेल्वेप्रवासाचे जे लेख येतात, ते मी कित्येक वर्षे नेमाने वाचत आलो आहे. त्यांत डोंगरातून वळसे घेत जाणारी गाडी असते, मोठाल्या काचांच्या खिडक्या असतात आणि ‘तिथे गाडी सुटली की घड्याळ लावून घ्यावे’ हे वाक्य तर ठरलेलेच असते. त्याच वाक्यावर विसंबून दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या पत्नीने युरोपातला एक प्रवास आखला आणि चांगलेच तोंडघशी पडलो. माझी तक्रार उशिराबद्दल नाही. रेल्वे आहे तिथे उशीर आहे. उशीर होणारच नाही असे गृहीत धरून प्रवास आखायला वाचकांना शिकवले जाते, आणि तो झाल्यावर प्रवाशाच्या हातात काय उरते याबद्दल अवाक्षरही लिहिले जात नाही, याबद्दल मात्र आहे.

प्रसंग थोडक्यात असा. आमची मुलगी ज्या गावी राहते तिथे पोहोचायला दोन गाड्या लागतात. पहिली लांब पल्ल्याची. एका मोठ्या जंक्शनवर उतरायचे आणि नऊ मिनिटांत दुसरी गाडी धरायची. दुसरी गाडी दर दोन तासांनी आहे. पहिल्या टप्प्याचे तिकीट मी आधी काढून ठेवले होते. तीन आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्याचे सवलतीचे तिकीट एका वेगळ्या संकेतस्थळावर दिसले, ते स्वतंत्रपणे घेतले आणि चौदा युरो वाचवले. मुलीने फोनवर विचारले होते, ‘‘बाबा, एकाच तिकिटात का नाही घेतलंत?’’ मी तिला चौदा युरोंचा हिशेब ऐकवला. आयुष्य हिशेबतपासनीस म्हणून गेल्यामुळे वाचवलेल्या पैशांवर माझा जरा जास्तच विश्वास आहे.

पहिली गाडी वेळेवर सुटली. जंक्शन काही किलोमीटरवर आले असताना ती मक्याच्या शेताशेजारी उभी राहिली. पुढे फलाट मोकळा नाही, अशी घोषणा झाली. फोनवरच्या ॲपमध्ये आमच्या गाडीपुढे आधी आठ, मग पंधरा आणि शेवटी चौतीस असा आकडा लाल अक्षरांत उमटला, आणि आम्ही जंक्शनच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा दुसरी गाडी जाऊन पंचवीस मिनिटे झाली होती. तिकीटखिडकीसमोर रांग होती. आमची पाळी आल्यावर खिडकीमागच्या बाईंनी पहिले तिकीट पाहून मान हलवली, दुसरे हातात घेतले, कागद माझ्याकडे वळवला आणि पेनाचे टोक एका ओळीखाली टेकवले. तिकीट फक्त त्याच गाडीसाठी ग्राह्य आहे, असे तिथे बारीक अक्षरांत छापलेले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि बोलण्यासारखे काही नव्हतेही. दोघांची नवी तिकिटे पूर्ण दराने काढावी लागली. चौदा युरोंचे एकशे अठरा झाले.

देशाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोष त्यांच्यापेक्षा माझ्या तिकिटांच्या रचनेत होता. परत आल्यावर मी भरपाईचा अर्ज केला. उत्तर वेळेत आले, अत्यंत सभ्य भाषेत आले आणि ते बिनचूक होते. पहिली गाडी चौतीस मिनिटे उशिरा पोहोचली. भरपाईसाठी किमान साठ मिनिटांचा उशीर लागतो, म्हणून पहिल्या तिकिटावर काही देय नाही. दुसरी गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोहोचली. प्रवासी तिच्यात चढले नाहीत, म्हणून दुसऱ्या तिकिटावरही काही देय नाही. आम्ही मुलीच्या दारात सव्वादोन तास उशिरा पोहोचलो होतो, पण कागदोपत्री तो उशीर अस्तित्वातच नव्हता. उत्तर दोनदा वाचूनही मला त्यात चूक काढता आली नाही, याचे वैषम्य अजून आहे.

त्यानंतर मी त्या विषयाचे नियम शोधून वाचले, आणि ते आपल्या वाचकांपुढे यावेत म्हणून इथे मांडतो. युरोपीय संघातील रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा सध्याचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि ७ जून २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार मुक्कामाच्या स्थानकावर ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास तिकिटाच्या किमतीच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मिळते. यातला ‘मुक्कामाच्या स्थानकावर’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. प्रवास एकाच कराराखाली असेल तर मधली गाडी चुकल्याने शेवटी झालेला सगळा उशीर मोजला जातो. तिकिटे सुटी असतील तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजला जातो. म्हणजे तोच प्रवास, त्याच दोन गाड्या आणि तोच चौतीस मिनिटांचा उशीर. पण एक तिकीट असते तर आम्हाला नवे तिकीट न काढता पुढच्या गाडीने जाता आले असते आणि शिवाय निम्मे पैसे परत मिळाले असते.

पैशांपेक्षाही उपयोगाचा हक्क दुसराच आहे. मुक्कामी ६० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसू लागले की प्रवाशाला निवड करता येते : प्रवास सोडून पैसे परत घ्यावेत, किंवा दुसऱ्या मार्गाने लवकरात लवकर जावे, किंवा आपल्या सोयीने नंतर जावे. दुसऱ्या मार्गाने कसे जायचे हे रेल्वेने गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेपासून १०० मिनिटांत कळवले नाही, तर प्रवासी दुसऱ्या रेल्वेने किंवा बसने आपली सोय स्वतः करून त्याचा वाजवी खर्च मागू शकतो. थांबावे लागले तर त्या वेळेच्या मानाने खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागली तर निवासाची सोय करणे हीसुद्धा, शक्य असेल तिथे, रेल्वेची जबाबदारी आहे. अर्थात पळवाटाही आहेत. अतितीव्र हवामान, मोठी नैसर्गिक आपत्ती, रुळांवर शिरलेली माणसे, तारांची चोरी किंवा घातपात अशा कारणांनी उशीर झाला तर भरपाई द्यावी लागत नाही. रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप मात्र या सबबींत बसत नाही. भरपाईची रक्कम ४ युरोंपेक्षा कमी होत असेल तर ती नाकारण्याची मुभा कंपनीला आहे आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते. शहरी, उपनगरी व प्रादेशिक गाड्यांना यातल्या अनेक कलमांतून सूट देण्याचा अधिकार सदस्य देशांना आहे, त्यामुळे छोट्या गाड्यांबाबत त्या त्या देशाचा नियम पाहिलेला बरा.

याच कायद्यात एक कलम असे आहे की ते तिकिटे काढून देणाऱ्या प्रत्येक एजंटाने वाचावे. तिकीटविक्रेत्याने किंवा सहल कंपनीने आपल्या मर्जीने निरनिराळी तिकिटे जुळवून एकाच व्यवहारात विकली आणि मधली गाडी चुकली, तर त्याने तिकिटांचे सर्व पैसे परत करून वर त्या रकमेच्या ७५ टक्के इतकी भरपाई द्यायची आहे. यातून सुटायचे असेल तर ही तिकिटे म्हणजे वेगवेगळे करार आहेत, हे त्याने तिकिटावर लिहून प्रवाशाला खरेदीपूर्वी सांगितले पाहिजे. म्हणून तिकिटे हातात पडल्यावर गाडीची वेळ आणि नावाचे स्पेलिंग तपासण्याआधी मी आता एकच गोष्ट पाहतो : हा एक करार आहे की दोन? आयता प्रवास आखून घेणाऱ्या वाचकांनी हा प्रश्न एजंटाला पैसे देण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये नेमकी उलट परिस्थिती आहे. तिथे एकाच प्रवासाची तिकिटे तुकड्यातुकड्यांनी काढली तर ती स्वस्त पडतात हे सर्वश्रुत आहे, आणि गाडी त्या त्या मधल्या स्थानकावर थांबत असेल तर तशी तिकिटे जोडून वापरणे तेथील प्रवासाच्या अटींत स्पष्टपणे मान्य आहे. उशीर झाल्यास सगळे तुकडे मिळून एकच प्रवास धरला जातो. भरपाईही लवकर सुरू होते : बहुतेक कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून एकमार्गी भाड्याच्या २५ टक्के, अर्ध्या तासापासून ५० टक्के आणि एक तासापासून संपूर्ण भाडे परत देतात. अर्ज मात्र २८ दिवसांत करावा लागतो. तेव्हा एका देशात शहाणपणाची ठरलेली युक्ती शेजारच्या देशात अंगाशी येते. ‘युरोपात तिकीट असे काढा’ अशी सरसकट युक्ती सांगणारे लेख मला म्हणूनच धोक्याचे वाटतात.

वक्तशीरपणाच्या टक्केवारीबद्दलही थोडे लिहितो, कारण ती लेखांमधून सैलपणे वापरली जाते. जर्मनीत गाडी ६ मिनिटांपेक्षा कमी उशिरा आली तर ती वेळेवर आली असे धरतात. या मोजणीनेही २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता ६२.५ टक्केच भरली, आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात येतच नाहीत. रद्द झालेली गाडी कधीच उशिरा येत नाही, हे हिशेबतपासनीस म्हणून मला मान्य करावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये ३ मिनिटांची मर्यादा आहे आणि मुख्य म्हणजे तिथे गाड्यांऐवजी वेळेवर पोहोचलेले प्रवासी मोजतात. तरीही तो आकडा त्याच वर्षी ९३ टक्क्यांच्या वर होता. शेजारी शेजारी असलेल्या या दोन देशांत एवढा फरक आहे की जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी पुष्कळदा सरहद्दीवरच्या बासेल स्थानकाच्या पुढे जाऊ दिली जात नाही. प्रवाशांनी तिथे उतरून स्विस गाडी धरायची असते. आपला उशीर त्यांच्या वेळापत्रकात शिरू नये हा त्यामागचा रोखठोक विचार आहे. प्रवाशाच्या दृष्टीने तो गैरसोयीचा असला तरी मला तो पटतो.

स्वित्झर्लंडची गोष्ट निघालीच आहे तर त्यांच्या वेळापत्रकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. १९८२ पासून तिथे देशभर ठरावीक अंतराने गाड्या धावतात, आणि २००४ च्या डिसेंबरपासून मोठी जंक्शने अशी बांधली गेली की सर्व दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात. त्यामुळे तिथे गाडी बदलायला पाच-सहा मिनिटे असली तरी घाबरण्याचे कारण नाही. ती चुकली तर बहुधा अर्ध्या तासाने दुसरी आहे. आमच्या प्रवासात नऊ मिनिटे होती आणि पुढची गाडी दोन तासांनी होती. गाडी बदलायला किती मिनिटे आहेत हे सगळेच पाहतात. ती चुकली तर पुढची किती वेळाने आहे आणि दिवसातली ती शेवटची तर नाही ना, हे पाहणे अधिक गरजेचे आहे, ही गोष्ट मला एकशे अठरा युरो मोजून कळली.

उशिराची काही कारणे महिनोन्महिने आधी जाहीर असतात, त्यांकडे तरी दुर्लक्ष करू नये. फ्रँकफुर्ट आणि मानहाइम यांना जोडणारा सुमारे ७० किलोमीटरचा अत्यंत वर्दळीचा मार्ग २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपूर्ण नूतनीकरणासाठी बंद होता; हॅम्बुर्ग-बर्लिन मार्ग २०२५ च्या ऑगस्टपासून कित्येक महिन्यांसाठी बंद केला गेला. अशा वेळी गाड्या लांबच्या वळणाने जातात, त्या वळणावरच्या मूळ गाड्यांच्या गर्दीत सापडतात आणि एकीचा उशीर दुसरीला लागतो. जलद गाड्या, प्रादेशिक गाड्या आणि मालगाड्या एकाच रुळांवरून धावत असतील तर हे टळत नाही. इटलीत संपाच्या तारखाही आधी जाहीर होतात, आणि तेथील १९९० च्या कायद्यामुळे कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते; त्या दिवशी प्रवास करणे भागच असेल तर याच वेळा धराव्यात.

आता गर्दीबद्दल. उशीर आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी समजत होतो. प्रत्यक्षात दुसरी पहिलीच्या पोटातून येते. जंक्शनवर चुकलेल्या गाडीनंतर दोन तासांनी जी गाडी आम्हाला मिळाली, तिच्यात तिचे स्वतःचे प्रवासी होते, आमच्यासारखे गाडी चुकलेले होते आणि त्याच दिशेच्या एका रद्द झालेल्या गाडीचेही होते. गाडी फलाटाला लागण्याआधी दोन मिनिटे घोषणा झाली की डब्यांचा क्रम आज उलटा आहे. क्षणात अख्खा फलाट उठला आणि निम्मे लोक डावीकडे, निम्मे उजवीकडे असे एकमेकांतून बॅगा ओढत धावू लागले. आम्ही कसेबसे एका दाराजवळ शिरलो. पत्नी स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकून बॅगेवर बसली. तिच्या गुडघ्याशी सायकलचे चाक होते आणि सायकलवाला तरुण दर स्थानकावर चाक वळवून तिची क्षमा मागत होता. गाडी तरीही सुटेना. डब्यांत माणसे इतकी झाली आहेत की काही जण उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही, असे गार्डाने दोनदा सांगितले. तिसऱ्या घोषणेला काही शाळकरी मुले त्यांच्या शिक्षकांसह उतरली आणि गाडी निघाली. त्या मुलांना पुढची गाडी कधी मिळाली असेल हा विचार मला अजूनही अधूनमधून छळतो, कारण त्यांच्या जागी उतरायला हवे होते ते आम्ही मोठ्यांनी.

या बाबतीत युरोपातल्या देशांचे ढोबळमानाने दोन गट पडतात, आणि पास घेऊन हिंडणाऱ्यांनी ते आधीच समजून घ्यावेत. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या अतिजलद गाड्यांना आरक्षण सक्तीचे आहे. तिथे वाटेत उभे राहिलेले लोक फारसे दिसत नाहीत, पण आपली गाडी चुकली तर पुढच्या गाडीत जागा असेलच असे नाही, आणि केवळ पास दाखवून आत शिरताही येत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण ऐच्छिक आहे. तिथे कोणत्याही गाडीत चढता येते, पण बसायला मिळेल याची हमी नाही. पास हा प्रवासाचा परवाना आहे, बसण्याचा नाही. ज्येष्ठ नागरिकांनी ऐच्छिक असले तरी आरक्षण करावेच, आणि शुक्रवारची दुपार व रविवारची संध्याकाळ शक्य तितकी टाळावी. आठवडी सुट्टीला जाणारे-येणारे सगळे त्याच वेळी गाडीत असतात. आरक्षण मूळ गाडीचे असते आणि ती चुकली की नव्या गाडीत ते चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

जपानचा उल्लेख वक्तशीरपणाच्या प्रत्येक लेखात असतो आणि तो योग्यच आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या तोकाइदो शिंकान्सेनच्या, म्हणजे टोकियो-ओसाका अतिजलद मार्गाच्या, गाड्यांचा सरासरी उशीर फार तर एक-दोन मिनिटांचा असतो, आणि शहरी गाडीला चार-पाच मिनिटे उशीर झाला तरी कार्यालयात दाखवण्यासाठी प्रवाशांना उशिराचा दाखला मिळतो. पण तिथला पर्यटक अडखळतो तो गर्दीत. तेथील सरकार गर्दी टक्क्यांत मोजते : प्रत्येकाला बसायला जागा, कडी किंवा खांब मिळत असेल तर १०० टक्के, वर्तमानपत्राची घडी करून कसेबसे वाचता येत असेल तर १८० टक्के, अंगाला अंग घासून दाब जाणवू लागला की २०० टक्के, आणि हातही हलवता येत नसेल तर २५०. कोविडच्या आधी टोकियोच्या तोझाई मार्गावर सकाळच्या सर्वांत गर्दीच्या तासाला हा आकडा १९९ होता. अशा गाडीत चाकांची मोठी बॅग घेऊन शिरणे हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. बॅग हॉटेलातून हॉटेलात पोहोचवून देणारी सेवा तिथे सर्वत्र मिळते आणि तिचा वापर तिथले लोक स्वतःही करतात. तोकाइदो शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर २०२० च्या मेपासून तिच्यासाठी जागेसह विशिष्ट आसन आधी राखून ठेवावे लागते. तसे न केल्यास गाडीत १,००० येन भरावे लागतात. भरपाईच्या बाबतीत मात्र जपान युरोपपेक्षा हात आखडूनच वागतो. तिथे दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर जलद गाडीचे जादा शुल्क परत मिळते, मूळ भाडे नाही.

गेल्या वर्षी आम्ही मुलीकडे पुन्हा गेलो. या वेळी तिकीट एकच होते, गाडी बदलायला पन्नास मिनिटे ठेवली होती, आणि पहिल्या गाडीने त्या पन्नास मिनिटांचाही फडशा पाडला. फरक असा की आम्ही गाडीतच असताना तिकीट तपासनीसाला गाठले. त्याने हातातल्या यंत्रात काहीतरी पाहिले, आमच्या कागदावर उशिराची नोंद करून सही केली आणि कोणत्या फलाटावरून कोणती गाडी धरायची ते मागच्या बाजूला लिहून दिले. जंक्शनच्या खिडकीसमोर रांग होती, तिच्यात आम्हाला उभे राहावे लागले नाही. पुढची गाडी भरलेली होतीच, पण आम्ही गर्दीच्या मधल्या डब्यांऐवजी फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन थांबलो होतो आणि शेवटच्या डब्यात दोन जागा मिळाल्या. जिने असतात तिथेच बहुतेक लोक चढतात, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. मुक्कामी पंच्याहत्तर मिनिटे उशिरा पोहोचलो. मी सूचनाफलकाचा फोटो काढला, वाटेत घेतलेल्या खाण्याच्या पावत्या जपल्या आणि त्याच आठवड्यात अर्ज केला. महिन्याभराच्या आत तिकिटाच्या २५ टक्के रक्कम खात्यात जमा झाली.

तिकिटे सुटीच घ्यावी लागली, जसे दोन देशांच्या रेल्वे एकत्र तिकीट देत नसतील तेव्हा होते, तर एक आधार उरतो. युरोपातील अनेक रेल्वे कंपन्यांनी आपसात असा समझोता केलेला आहे की आंतरराष्ट्रीय प्रवासात एका कंपनीच्या उशिरामुळे दुसऱ्या कंपनीची गाडी चुकली, तर पुढच्या गाडीतून नवे तिकीट न काढता जाऊ द्यावे. तो सर्व कंपन्यांना आणि सर्व गाड्यांना लागू नाही, आणि गाडी बदलायला वाजवी वेळ ठेवलेला असावा लागतो. त्यासाठी उशिराचा लेखी शेरा जागच्या जागी घ्यावा लागतो. घरी परतल्यावर ईमेलने तो मिळवणे जवळजवळ अशक्य आहे. आणि विमान पकडायचे असेल तर कोणत्याही समझोत्यावर न विसंबता आदल्या रात्रीच विमानतळाच्या गावी मुक्कामाला जावे, एवढेच मी म्हणेन.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की पर्यटनाच्या पानावर जेव्हा एखाद्या रेल्वेप्रवासाचा नकाशा व वेळापत्रक छापले जाते, तेव्हा गाडी बदलण्याच्या प्रत्येक स्थानकापुढे पुढची गाडी किती वेळाने आहे, हा आकडाही छापावा; आणि सांगितलेले भाडे एका तिकिटाचे आहे की तुकड्यांचे, याचा उल्लेख करावा. लेखकांना यासाठी फार कष्ट पडणार नाहीत. दोन्ही माहिती ते जिथून वेळा उतरवून घेतात तिथेच उपलब्ध असते. त्यासाठी छायाचित्राची जागा थोडी कमी करावी लागली तरी माझ्यासारख्या वाचकांची हरकत असणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक